थोडा पाऊस, बऱ्यापैकी विक्री

चार मराठी माणसं परदेशातल्या एका ऑफिसात एकत्र आली, की कामाचं काय होतं ते देव जाणे, पण किस्से मात्र धडाधड तयार होतात! आणि गंमत अशी, की घडत असताना तो किस्सा आहे हे कोणालाच कळत नाही. तेव्हा तो वैताग असतो, वाद असतो, नाहीतर जेवणाच्या सुट्टीतला टाइमपास असतो. मंडळी पांगली, की मग त्याचा किस्सा होतो.

आमची मंडळी पांगली. सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमधल्या त्या ऑफिसात जुन्यांपैकी मी आणि केतकी एवढ्याच उरलोय. मिलिंद दुसऱ्या कंपनीत गेला. आणि अविनाश करंदीकर सर... त्यांच्याबद्दलच तर सांगायचंय.

आमचं काम विक्रीचा अंदाज सांगण्याचं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक बेकरी. सिंगापूरभर तिच्या शाखा. उद्या कुठल्या शाखेत किती बन खपतील, पुढच्या महिन्यात कुठे मंदी येईल, हे आम्ही आधी सांगायचं. आम्ही म्हणजे सरांचं यंत्र. सर पुण्याहून इथे पीएचडीला आले, इथलेच झाले, आणि त्या पीएचडीतून जे यंत्र निघालं त्यावर आमचं ऑफिस वर्षानुवर्षं चाललं.

*

ते यंत्र म्हणजे दोन गोष्टींचं लग्न होतं. एक फझी लॉजिक आणि दुसरं न्यूरल नेटवर्क. एवढं म्हटलं की समोरच्याची नजर खिडकीकडे जायची. म्हणून सरांनी एक हुकमी उदाहरण तयार ठेवलं होतं.

"आई रेसिपी सांगताना काय म्हणते? मीठ चवीपुरतं, तिखट बेताचं, कणीक सैलसर. आकडा आहे का कुठे? तरी आपल्याला कळतं. ते फझी लॉजिक! मग पहिल्यांदा आमटी खारट होते, दुसऱ्यांदा अळणी होते, आणि हळूहळू हात बसतो. ते न्यूरल नेटवर्क! दोन्ही एकत्र केलं की झालं माझं यंत्र."

एकदा गणपतीत बुकित पंजांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सगळे जमलो होतो. सरांनी पाहुण्यांना हेच उदाहरण रंगवून सांगितलं. वहिनी वाढायला उभ्या होत्या. डाव हातात तसाच धरून म्हणाल्या, "आणि ह्यांनी आयुष्यात किती वेळा आमटी चाखून मीठ घातलंय, तेही सांगा की पाहुण्यांना!"

सर जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "प्रत्येक यंत्राला एक एक्स्पर्ट लागतो. माझी ही."

वहिनींनी त्यांना जास्तीची आमटी वाढली.

*

आता 'चवीपुरतं' म्हटलं तरी यंत्राला ते किती, हे कुठेतरी सांगावं लागतंच. "पाऊस बराच असेल आणि शाळांना सुट्टी असेल, तर विक्री मध्यम" असा नियम लिहायचा, तर 'बराच पाऊस' म्हणजे किती? सरांनी बोर्डावर एक लांब रेघ ओढली. एका टोकाला कोरडं ठाक, दुसऱ्या टोकाला ढगफुटी. म्हणाले, "थोडा पाऊस कुठे संपतो आणि बराच कुठे सुरू होतो, तिथे प्रत्येकाने खूण करा."

मी सोलापूरची. आमच्याकडे ढग आले तरी लोक कौतुकाने बाहेर येऊन बघतात. मी अगदी सुरुवातीलाच खूण केली. मिलिंद परळचा. तो रेघेवर चालतच राहिला. "गुडघ्यापर्यंत पाणी साचेपर्यंत थोडाच की!" सरांचं मत असं, की छत्री घ्यावी का असा विचार मनात आला की बराच पाऊस झाला!

तेवढ्यात आमचे डायरेक्टर मिस्टर लिम डोकावले. माणूस वाईट नाही, पण कायम घाईत. त्यांना प्रश्न सांगितला. ते दारातूनच आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी सिंपल. रेन मीन्स कॅनॉट गेट टॅक्सी. कॅन गेट टॅक्सी, नॉट रेन लाह!"

सरांनी गंभीरपणे त्यांचीही खूण मांडली. मग नेटवर्कला जुन्या वर्षांची विक्री दाखवली. ते आपलं आपण शिकलं आणि सगळ्यांच्या खुणा सरकवत सरकवत एका जागी येऊन थांबलं. कुठे? लिमसाहेबांच्या टॅक्सीपाशी!

लिम आठवडाभर छाती काढून फिरत होते. मिलिंद म्हणाला, "सर, एवढी पीएचडी केलीत, त्यापेक्षा टॅक्सी-स्टँडवर उभे राहिला असतात तर?"

सर म्हणाले, "मीही तेच म्हणतोय. खूण कोणाची बरोबर हे मी नाही ठरवलं. म्हणून तर नेटवर्क ठेवलंय."

*

इतकी वर्षं असं काम केल्यावर माणसाचं काय होणार? सरांना साधं 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईनासं झालं.

मीटिंगच्या आधी फोन केला, "सर, पोचलात का?" की उत्तर यायचं, "पॉइंट आठ." 'नाही' म्हणजे शून्य आणि 'हो' म्हणजे एक, तेव्हा पॉइंट आठ म्हणजे स्टेशनातून वर आलोय, लिफ्टची वाट बघतोय. भूक लागली का? "मध्यमच्या वर." पोहे कसे झालेत? "चांगले आणि उत्तम यांच्या मध्ये, पण उत्तमकडे झुकलेले." वहिनी म्हणायच्या, "अहो, नुसतं 'छान' म्हणायला कर लागतो का?"

त्यांची मुलगी ईशा इथेच वाढलेली. तिने एकदा विचारलं, "बाबा, फ्रायडेला कॉन्सर्टला जाऊ का?"

सर म्हणाले, "जाण्याकडे कल आहे."

"बाबा! येस ऑर नो ओन्ली लाह! वाय सो डिफिकल्ट?"

सरांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "येस." मग ती चपला घालेपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "पॉइंट नऊ."

ईशा आता ऑस्ट्रेलियात असते. हा किस्सा तीच सगळ्यांना सांगते, आणि सांगताना नेहमी शेवटी डोळे पुसते.

*

मग केतकी आली. केतकीला सरांनीच आणलं. ती इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होती. तिचं एक भाषण ऐकून सर इतके खूश झाले, की तिला घ्याच म्हणून लिमच्या मागे लागले. तिच्या पासची, म्हणजे नोकरीच्या परवान्याची, कागदपत्रं अडली, तर स्वतः चकरा मारल्या. एवढी खटपट त्यांनी स्वतःच्या बढतीसाठी कधी केली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात जेवताना केतकीने विचारलं, "सर, नियम काढून टाकले तर? नुसतं मोठं नेटवर्क ठेवू. पाऊस, सुट्ट्या, जुनी विक्री, सगळं त्याच्यापुढे टाकू. त्याचं ते शिकेल. थोडा, बराच, मध्यम, हे सगळं हवंच कशाला?"

मिलिंदचा घास हातातच राहिला. सरांचं आख्खं आयुष्य त्या 'थोडा-बराच'मध्ये गेलेलं!

सरांनी डबा बाजूला सारला, खुर्ची तिच्याकडे ओढली आणि म्हणाले, "दाखव."

पुढे कित्येक दिवस दोघं एका स्क्रीनसमोर. सरांना मी इतकं आनंदात कधी बघितलं नव्हतं. मिलिंद मला म्हणाला, "मंजिरी, लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात हे ऐकलं होतं. पण इंटरव्ह्यू घेऊन, पास काढून धोंडा आणणारे सर पहिलेच!"

तेव्हा मी हसले होते. आता ते आठवलं की नको वाटतं.

*

धोंडा पडायला वेळ लागला नाही. केतकीच्या नेटवर्कचे अंदाज चांगले यायला लागले, तसं लिमनी जाहीर केलं, की काही महिने दोन्ही यंत्रं शेजारीशेजारी चालवायची. ज्याचा अंदाज खऱ्या विक्रीच्या जास्त जवळ, ते राहणार. दुसरं बंद.

सरांचं यंत्र बंद झालं, तर सरांना तिथे काम उरणार नव्हतं. हे कोणी मोठ्याने बोललं नाही. पण लिमना ठाऊक होतं, केतकीला ठाऊक होतं, आणि सरांना तर होतंच.

एकदा केतकीचं नेटवर्क म्हणालं, गुरुवारी अमुक शाखेत दुप्पट बन खपणार. सरांचं यंत्र म्हणालं, मध्यम. सरांच्या यंत्राची गोष्ट अशी, की ते नुसता आकडा देत नसे, खाली कारणही छापायचं. "शाळांना सुट्टी, पाऊस बराच, म्हणून विक्री मध्यम."

लिमनी केतकीला विचारलं, "यू से डबल. वाय डबल?"

केतकी म्हणाली, "आत लाखो जोडण्या आहेत. त्यातलं नेमकं कारण बाहेर काढून दाखवता येत नाही."

लिम म्हणाले, "वाह, सेम लाइक माय मदर-इन-लॉ! ऑल्वेज करेक्ट, नेव्हर एक्स्प्लेन!"

गुरुवारी दुपारच्या आतच त्या शाखेतले बन संपले. नेटवर्क बरोबर, सर चूक!

सरांना राहवेना. ते स्वतः त्या शाखेत गेले. रांगेत उभे राहिले, आजूबाजूला बघितलं, बाहेर बाकावर बसून राहिले. संध्याकाळी ऑफिसात परत आले ते हातात बनची पिशवी घेऊन.

"काय सर, कळलं का कारण?" मी विचारलं.

"कारण नाही कळलं. पण दुसरी खेप ताजी होती, म्हणून सगळ्यांना आणले," असं म्हणून त्यांनी पहिला बन केतकीला दिला. तिला तो गिळवत नव्हता.

*

शेवटचा सामना चिनी नववर्षाच्या आसपास आला. बेकरीचा वर्षातला सगळ्यात मोठा धंदा तेव्हाच. तोवर दोन्ही यंत्रं जवळजवळ बरोबरीत होती. म्हणजे या एका अंदाजावर सगळं ठरणार! शुक्रवारी दुपारी दोघांनी आपापले आकडे लिमना द्यायचे होते.

गुरुवारी आम्ही खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मोठ्या मांडवात, कोपी म्हणजे इथली कॉफी घेत होतो. केतकीने लॅपटॉप उघडून तिचा आलेख सरांना दाखवला. त्या दोघांचं असंच होतं. स्पर्धा चालू आहे हे त्यांना बहुतेक लक्षातच राहायचं नाही.

सर आलेखाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "केतकी, दिवाळी दरवर्षी त्याच तारखेला येते का गं?"

"नाही सर. कधी ऑक्टोबर, कधी नोव्हेंबर."

"मग ह्यांचं नवं वर्ष?"

केतकीचा चेहरा पांढरा पडला. तिने सणांच्या रकान्यात गेल्या वर्षीच्याच तारखा पुढे ओढल्या होत्या! सगळी गर्दी भलत्याच आठवड्यात. पुण्यात भिंतीवरच्या पंचांगात चतुर्थी बघत वाढलेली मुलगी, आणि सण पुढे-मागे होतात हेच विसरली! अर्धी कोपी टाकून ती पळाली.

मिलिंद डोक्याला हात लावून बसला. "सर, फक्त उद्यापर्यंत गप्प बसायचं होतं! काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प!"

सर म्हणाले, "अरे, पोरीची बेरीज चुकली म्हणून मी गणितात पहिला आलो, असं सांगू का घरी?"

केतकीने रातोरात तारखा सुधारल्या, आणि नववर्षाची खरी विक्री हाती आली तेव्हा केतकी जिंकली. अगदी थोडक्यात.

मिलिंदने सवयीने विचारलं, "थोडक्यात म्हणजे किती?" कोणी हसलं नाही.

*

निरोपाला लिमनी मोठ्या हॉटेलात जेवण ठरवलं होतं. सर नको म्हणाले. "त्यापेक्षा पुलाउ उबीनला जाऊ. सायकली चालवू."

म्हणून रविवारी सगळे बमबोटीतून, म्हणजे छोट्या मोटारबोटीतून, बेटावर गेलो. भाड्याच्या सायकली घेतल्या. लिमसुद्धा हाफपँट घालून आले होते! एका उतारावर सर सगळ्यांच्या पुढे. मागून मिलिंद ओरडला, "सर, ब्रेक लागतोय ना?"

"बऱ्यापैकी!" सर ओरडले, आणि सायकलीसकट झुडपात गेले.

आम्ही धावलो. लिम सगळ्यात आधी पोचले. "अविनाश! यू ओके ऑर नॉट?"

झुडपातून आवाज आला, "पॉइंट सहा!"

लिम इतके हसले, की तिथेच खाली बसले. हसता हसता त्यांनीच सरांना हात देऊन वर काढलं, कपड्यांवरचा पाला झटकला. आणि तो झटकताना त्यांचं हसू कुठेतरी गेलं. म्हणाले, "बिझनेस ओन्ली, आह? नॉट पर्सनल." सरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. नोकरी गेलेला माणूस ज्याने घालवली त्याची समजूत काढत होता!

परतीच्या बोटीत सतत बडबड करणारा मिलिंद पाण्याकडे बघत बसला होता. केतकी टोकाला पाठ करून बसली होती. मला फार वाईट वाटत होतं. इतक्या वर्षांच्या सहवासाबद्दल काहीतरी चांगलं बोलावं, असं प्रत्येकाच्या मनात होतं. पण किनारा आला, सर "चला, भेटू" म्हणाले आणि बसमध्ये चढलेसुद्धा. एका चांगल्या माणसाला असा निरोप द्यायला नको होता.

*

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "मंजिरी, तुला म्हणून सांगते. हे रोज सकाळी वेळेवर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतात. डबा मागतात. मी भरून देते. मग आमच्या ब्लॉकखाली हॉकर सेंटर आहे ना, तिथे जाऊन बसतात. दुपारी तिथेच डबा खातात आणि वर येतात."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"म्हटलं की. घरीच जेवा, गरम वाढते म्हटलं. तर म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत घरी यायची सवय नाही गं मला."

मग म्हणाल्या, "मी आता डब्यात जरा जास्तच देते. तिथे कोणी बोलायला भेटलं, तर त्याला देता येईल."

*

आणि आता शेवटचा. हा मी अजून फार लोकांना सांगितलेला नाही.

सरांचं यंत्र बंद झालं, केतकीचं सुरू झालं. आकडे छान येत होते. पण दर महिन्याच्या मीटिंगला बेकरीची माणसं विचारायला लागली, "ह्या शाखेत विक्री पडणार म्हणता, पण का? आम्ही करायचं काय? माणसं कमी करू, की बन बदलू?" इतक्या वर्षांत त्यांना आकड्याखाली एक ओळ वाचायची सवय लागली होती. नुसत्या आकड्याने त्यांचं समाधान होईना. दोन-तीन मीटिंगांनंतर त्यांनी स्पष्टच सांगितलं, की कारण मिळणार नसेल तर आम्ही दुसरीकडे जातो.

लिमनी केतकीला बोलावलं. "मेक इट एक्स्प्लेन. आय डोन्ट केअर हाऊ."

केतकीने जीव तोडून प्रयत्न केले. नेटवर्क कशाला किती महत्त्व देतंय त्याचे रंगीत आलेख काढले. ते बघून बेकरीवाले आणखीच गोंधळले.

शेवटी एका शनिवारी ती एलआरटी ट्रेन पकडून बुकित पंजांगला गेली. ऑफिसची माहिती बाहेर जायला नको, म्हणून शाखांची नावं खोडून आकडे बरोबर नेले होते. नंतर तिने मला सगळं सांगितलं. सरांनी दार उघडलं, "ये, ये" म्हणाले. स्पर्धेबद्दल, ऑफिसबद्दल एक शब्द नाही. वहिनींनी चहा टाकला. सरांनी चष्मा पुसला, आकडे बघितले आणि म्हणाले, "नावं खोडून काय उपयोग? ही क्लिनिकशेजारची शाखा. सकाळी म्हातारी माणसं येतात, मऊ बन आधी संपतात आणि मग बाकीची गिऱ्हाइकं परत जातात. लिही, 'मऊ बन लवकर संपतात, म्हणून दुपारची विक्री थोडी कमी.'"

प्रत्येक शाखेला एक ओळ. ती लिहून घेऊन सोमवारी केतकी आली. मी त्या ओळी नीट इंग्रजीत करून आकड्यांखाली बसवल्या. बेकरीवाले खूश!

तेव्हापासून दर महिन्याला हेच. केतकी आकडे घेऊन जाते, सर कारणं सांगतात. तिने मानधनाचा विषय काढला तर म्हणाले, "चहा पिऊन जा." एकदा तिने धीर करून लिमना सांगायला सुरुवात केली, "मिस्टर लिम, ती जी कारणं आहेत ना, ती खरं तर..." लिमनी हात वर केला. "डोन्ट टेल मी. इट्स वर्किंग. डोन्ट टच!"

गेल्या महिन्यात बेकरीचे मालक स्वतः ऑफिसात आले. पुढच्या करारावर सही करायला. सगळ्यांसमोर म्हणाले, की तुमचं नवं यंत्र जुन्यापेक्षाही चांगलं समजावून सांगतं. अगदी माणसासारखं!

लिम उभे राहिले. चेहरा नुसता फुललेला. म्हणाले, "यू नो, लास्ट टाइम वी नीड वन ओल्ड मॅन टू एक्स्प्लेन एव्हरीथिंग. नाऊ नो नीड ऑलरेडी! सिस्टिम कॅन एक्स्प्लेन इटसेल्फ!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केतकी उठून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले. ती जिन्यापाशी उभी राहून सरांना फोन लावत होती. स्पीकरवर टाकला, आणि आत काय काय झालं, लिम काय म्हणाले, ते तिने शब्दन् शब्द सांगितलं. 'ओल्ड मॅन'सुद्धा गाळलं नाही. सांगता सांगता ती रडायला लागली.

पलीकडे सरांनी सगळं ऐकून घेतलं.

मग सर म्हणाले, "म्हणजे बेकरीवाल्यांना पटलं तर! बरं, पुढच्या महिन्याचे आकडे कधी आणतेस?"